कारणाचा रकाना

रविवार कारंज्याजवळ, आमच्या छपाईच्या दुकानावर
तन्वीर पिंजारी शिडीवर उभा आहे.
चिमटीत केसाएवढी काच,
खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं.
"मॅडम, जुनी काढून टाकू ना?"
म्हटलं, थांब जरा. खाली ये, चहा घे.
हिशोब करू दे.

हिशोब तसा सोपा आहे.
नवीचा वेग शंभर, तोही मेगात.
जुनीच्या दोन वाटा, चौसष्ट नि चौसष्ट,
त्याही किलोत.
दोन्ही चालू ठेवल्या की मीटर दोन्ही पायांनी पळायचा,
आणि बिल आलं की यांचा चेहरा.
पिंपळगावच्या द्राक्षांचं कॅटलॉग, नऊ एमबी,
मुंबईला पोचायला दहा मिनिटं.
तेव्हा दहा मिनिटं म्हणजे चैन वाटायची,
त्याआधी मोडेम पाऊण तास किंचाळायचा
आणि घरात कुणी रिसीव्हर उचलला की
सगळं पहिल्यापासून.

तन्वीर हसतो.
त्याच्या फोनवर नऊ एमबी म्हणजे
मावशीने पाठवलेलं सुप्रभात.

खोटं कशाला बोलू,
पावसाळ्यात डब्यावरचा हिरवा दिवा मान टाकायचा,
तक्रार दिली की आठ दिवस कॅनडा कॉर्नरच्या चकरा.
सिंहस्थाच्या वर्षी रस्ता खणताना केबलच तुटली.
गांगुर्डे लाइनमन रात्री खड्ड्यात बसून
बॅटरीच्या उजेडात रंग जुळवत होते,
निळा-पांढरा, नारिंगी-पांढरा,
शेकडो तारांतून एक आमची.
साडेअकराला खालून ओरडले,
"बाई, तुमची जोडी सापडली!"
आणि हे दारात उभे, इतके हसले
की समोरच्या मेडिकलवाल्याने शटर वर केलं.

आता काच तुटली तर तन्वीरचं यंत्र सांधतं.
रंग बघावे लागतात, तो म्हणतो, पण ओरडायला कुणी नसतं.

एक गोष्ट मात्र तराजूत कुठल्या बाजूला टाकू, कळत नाही.
चारच्या सुमारास, फाइल चाललेली असताना,
पट्टी एकदम मंदावायची. निम्मी.
आणि मग घंटी.
म्हणजे घंटीच्या आधीच लाइन सरकून बसलेली असायची,
बाकावर कुणी बसायला येतंय म्हटल्यावर
आपण सरकतो तशी.
बोरसे सर असायचे, दिंडोरी रोडवरून.
नमस्कार नाही, काही नाही.
"पान सात, ओळ तीन. निर्यातीचा रफार उडालाय.
नियात झालंय, नियात."
आणि ते पान सात तेव्हा
त्याच तांब्यातून मुंबईला निघालेलं असायचं,
चूक एका वाटेने जातेय,
दुरुस्ती दुसऱ्या वाटेने येतेय,
एकमेकींच्या अंगाला अंग न लावता.
मला अजून वाटतं, मध्ये कुठेतरी, घोटीच्या आसपास,
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं असेल.

सरांना आता ऐकू येत नाही.
कागदावर दुरुस्त्या लिहून फोटो पाठवतात,
तिरका, कोपऱ्यात अंगठा.
फोटो येतो, काहीच मंदावत नाही,
म्हणून कधी आला तेही कळत नाही.
परवाचा मी दुसऱ्या दिवशी पाहिला.
तोवर लेबलं छापून खोक्यांना चिकटली होती.

वीज गेली. पंखा थांबला.
जुना फोन उचलून बघितला, टोन होता,
एक्स्चेंजच्या जिवावर.
"याला इन्व्हर्टर लागेल," तन्वीर नव्या डब्याकडे बघत म्हणाला.
म्हटलं, घेऊ. चढ वर. काढ.

दुपारी कॅनडा कॉर्नरला फॉर्म भरला.
नाव, नंबर, थकबाकी निरंक.
बंद करण्याचे कारण:
मी लिहिलं, वेग.
काउंटरवरची मुलगी म्हणाली,
"नुसतं वेग काय? कमी पडत होता, असं पूर्ण लिहा."
पुढे लिहिलं, कमी पडत होता.
रकाना तेवढाच होता.
सही करताना घड्याळ पाहिलं,
चारला पाच कमी.